आकडा कुठल्या फाटकावर मोजला?

(मंडळाच्या २०२५ च्या गणेशोत्सवात पाचव्या दिवशी दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली घरगुती वाक्ये बहुतेक तशीच ठेवली आहेत.)



आज या जागेवर खरे तर बडोद्याचे एक प्राध्यापक बोलणार होते. त्यांची तब्येत बिघडली आणि परवा रात्री साडेदहाला सेक्रेटरींचा मला फोन आला, "तुम्ही चहाच्या वेळी जे बोलता ना, तेच माईकवर बोला." मी पॉलिटेक्निकचा डिप्लोमावाला माणूस. वीस-बावीस वर्षे रुळावर गेली. गेज, स्लीपर, वेल्ड यापलीकडे बोलायची सवय नाही. तेव्हा गोड मानून घ्या.

विषय घेतला आहे तो असा: आपले लोक देश सोडून जातात, परदेशात आश्रय मागतात, याबद्दल जे आकडे आपल्या हातात येतात ते तपासायचे कसे? मेहसाण्यात राहून या विषयाशी आपला संबंध नाही असे म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. रस्त्यावर दर चार दुकानांमागे एक व्हिसावाला आणि एक इंग्रजी परीक्षेचा क्लास. आमच्याच सेक्शनवर झुलासण स्टेशन लागते. अंतराळवीर सुनीता विल्यम्स यांच्या वडिलांचे ते गाव. या वर्षी मार्चमध्ये त्या पृथ्वीवर परतल्या तेव्हा गावात फटाके वाजले. (त्या जन्माने अमेरिकन. म्हणजे भारत सोडून गेलेल्यांच्या कुठल्याही यादीत त्यांचे नाव येणार नाही, आणि तरी झुलासणच्या माणसाला विचाराल तर त्या "आमच्या गावच्या".)

पण विषय निवडायचे खरे कारण वेगळे आहे. या बाबतीत मी स्वतः दोषी आहे. ते आधी सांगून टाकतो.

२०२३ च्या दिवाळीत मला मोबाईलवर एक मजकूर आला. अमेरिकेत एका वर्षात ९६,९१७ भारतीय "घुसले", त्यातले निम्मे गुजराती, सगळ्यांना आश्रय मिळाला, आणि आदल्या वर्षी सव्वादोन लाख लोकांनी भारत सोडला. खाली एक विनोद होता, तो आता सांगत नाही. मी हसलो आणि तो मजकूर आपल्या मंडळाच्या ग्रुपवर टाकला. हात सैल होता, म्हणून आमच्या गँगच्या ग्रुपवरही टाकला. झाले. विसरून गेलो.

जानेवारीत आमचा एक की-मॅन माझ्या क्वार्टरवर आला. की-मॅन म्हणजे रोज आपल्या वाट्याच्या रुळावरून पायी चालत जाऊन एकेक चावी, एकेक बोल्ट बघणारा माणूस. तीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या बीटमध्ये एकही गोष्ट त्याच्या नजरेतून सुटली नव्हती. धाकटा मुलगा बारावी करून बसलेला. एजंटशी बोलणे झाले होते, पंचाहत्तर लाखांत काम, दहा लाख आधी, बाकी पोचल्यावर. गावाकडची जमीन काढायची होती आणि त्याला भविष्यनिर्वाह निधीतून किती रक्कम निघेल ते माझ्याकडून समजून घ्यायचे होते. मी म्हटले, अरे, एवढा धोका कशाला पत्करतोस? त्याने खिशातून मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. तोच मजकूर. म्हणाला, "साहेब, आ तो तमे ज मोकल्युं हतुं ने?"

मंडळी, त्या क्षणी मला जे वाटले ते सांगत नाही. एजंटवर त्याचा पूर्ण विश्वास नव्हता. विश्वास माझ्यावर होता. साहेबाने पाठवले म्हणजे तपासूनच पाठवले असणार, असा त्याचा हिशेब. रुळाच्या बाबतीत तो हिशेब बरोबर होता.

मग आम्ही दोघे दोन संध्याकाळी माझ्या मुलीच्या लॅपटॉपसमोर बसलो. तो मजकूर तोडून त्यातला एकेक दावा वेगळा काढला. जे सापडले ते तुमच्यापुढे ठेवतो.

पहिला दावा ९६,९१७ चा. हा आकडा खोटा नाही. अमेरिकेच्या सीमाशुल्क आणि सीमारक्षण खात्याचा, सगळ्यांना बघता येईल असा तक्ता आहे, त्यात तो आहे. पण वर्ष पाहिले तर ते १ ऑक्टोबर २०२२ ते ३० सप्टेंबर २०२३. त्यांचे सरकारी वर्ष ऑक्टोबरला सुरू होते, जसे आपले एप्रिलला. त्यामुळे तो आकडा २०२२ चा म्हणूनही फिरतो आणि २०२३ चा म्हणूनही, आणि कुणीतरी दोन्ही बेरजेत धरतो.

आता त्यात मोजले काय आहे? आम्ही दोघे इथेच अडलो, कारण तिथला शब्द "घुसले" असा नाही. सीमेवर किंवा विमानतळ-बंदरावर अधिकाऱ्यांशी जी गाठ पडली, ती गाठ मोजलेली आहे. एकच माणूस परत फिरून दुसऱ्यांदा पकडला गेला तर दोन गाठी. मी की-मॅनला आमच्याच भाषेत सांगितले. आमच्याकडे अल्ट्रासॉनिक यंत्राने रूळ तपासतात. एखाद्या वेल्डमध्ये संशय आला तर त्यावर खूण करतात आणि "नजर ठेवा" म्हणून रजिस्टरला नोंद होते. पुढच्या फेरीत तोच वेल्ड पुन्हा दाखवला जातो, पुन्हा नोंद. आता वर्षअखेरीला कुणी नवखा कारकून नोंदी मोजून सांगायला लागला की सेक्शनमध्ये इतके वेल्ड खराब, तर साहेब त्याला काय म्हणतील? की-मॅन हसला. त्याला लगेच कळले. तुम्हा-आम्हा शिकलेल्यांना कळायला जास्त वेळ लागतो.

शिवाय सगळे मेक्सिकोच्या सीमेवरचेही नव्हते. तिथले होते ४१,७७०. कॅनडाच्या बाजूचे ३०,०१०. उरलेले पंचवीस हजारांवर इतर ठिकाणचे, त्यात विमानतळावर कागद पाहून अडवलेलेही आले. सिनेमात दाखवतात तशी भिंत चढणारी माणसे डोळ्यांपुढे आणून आपण जो आकडा वाचतो, त्याच्या निम्म्यापेक्षा कमी त्या भिंतीच्या बाजूचे.

"निम्मे गुजराती" हे आम्ही फार शोधले. की-मॅनला त्याच्यातच जास्त रस होता. तक्त्यात महिना आहे, सीमेचा विभाग आहे, एकटा माणूस की कुटुंब हे आहे, नागरिकत्व आहे. भारत असे लिहिलेले आहे. पण गुजरात, पंजाब, महाराष्ट्र असे लिहिलेला रकानाच नाही. मग वर्तमानपत्रात निम्मे गुजराती आले कुठून? "जाणकार सूत्रां"कडून. असतीलही निम्मे. आपल्या आजूबाजूला पाहिले तर मला अशक्य वाटत नाही. पण जो रकाना तक्त्यात नाही, त्यातली बेरीज त्या तक्त्याच्या नावावर खपवता येत नाही. स्टोअरमध्ये जी वस्तू लेजरला चढलीच नाही ती शिल्लक दाखवली तर स्टॉक व्हेरिफायर आपल्याला घरी जाऊ देईल का?

आता तिसरा दावा, आणि खरा घात करणारा: "सगळ्यांना आश्रय मिळाला." इथे थोडे कायद्यात शिरावे लागेल. कंटाळू नका, मुलीने मला दोनदा समजावून सांगितले आहे, मी एकदाच सांगतो.

आश्रय म्हणजे गरिबीतून सुटका नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९५१ साली निर्वासितांबद्दल जो आंतरराष्ट्रीय करार झाला त्यात कारणे दिली आहेत: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट, राजकीय मत. यांपैकी कशामुळे तरी मायदेशात छळ होईल अशी सार्थ भीती हवी. "गावात नोकरी नाही, शेतीत भागत नाही" हे कारण कितीही खरे असले तरी त्या यादीत नाही. आता एजंट काय करतो? तो मुलाला एक गोष्ट पाठ करायला देतो. मी अमुक पक्षाचा, मला मारहाण झाली, पोलीस ऐकत नाहीत. सीमेवर पकडले गेल्यावर प्राथमिक मुलाखत होते, भीती विश्वास ठेवण्याजोगी वाटते का एवढेच पाहायला. ती पार पडली की प्रकरण न्यायालयाकडे जाते आणि तारीख पडते. तारीख कधी कधी काही वर्षांनी. मध्यंतरी काम करायचा परवाना मिळू शकतो. गावाकडे फोन येतो, "केस पास झाला." पास झालेली असते पहिली चाळणी. गावात पेढे वाटले जातात आणि पुढचा मुलगा त्याच एजंटकडे जातो. पेढे खरे असतात. मीही खाल्ले आहेत.

अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याचे आकडे असे: २०२३ च्या त्यांच्या वर्षात सुमारे ४१,३३० भारतीयांनी आश्रयाचे अर्ज केले. आणि त्याच वर्षी आश्रय मिळाला तो ५,३४० जणांना. आता इथे मीच एक चूक केली. मी कॅल्क्युलेटर काढला आणि म्हटले, बघ, शंभरात तेरा. मुलगी स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाबा, यंदा दहावीला बसलेली मुले आणि यंदा इंजिनिअर झालेली मुले यांचा भागाकार करता का तुम्ही?" बरोबर होते तिचे. यंदा मंजूर झालेले अर्ज मागच्या कित्येक वर्षांतले, यंदा केलेल्यांचा निकाल अजून लागायचा. भागाकार काढता येत नाही. एवढेच म्हणता येते की "सगळ्यांना मिळाला" हे साफ खोटे आहे.

याच आकड्यावर बातम्यांचे मथळे आले होते, दोन वर्षांत ८५५ टक्के वाढ! गणित बरोबर आहे. २०२१ साली अर्ज सुमारे ४,३३० होते, तिथून साडेनऊ पटीपर्यंत गेले. पण २०२१ कसले वर्ष होते? कोविडचे. मार्च २०२० पासून मे २०२३ पर्यंत सार्वजनिक आरोग्याच्या नावाखाली अमेरिका सीमेवर आलेल्या पुष्कळांना अर्ज करू न देताच परत पाठवत होती. ब्लॉक घेतलेल्या दिवशी किती गाड्या गेल्या ते मोजायचे आणि दुसऱ्या दिवशी म्हणायचे, वाहतूक दसपट झाली! वाढ झालीच, मोठी झाली, त्यात वाद नाही. पण टक्केवारी कुठल्या दिवसापासून मोजली ते विचारायला हवे.

तरी की-मॅनचा एक प्रश्न राहिला. म्हणाला, साहेब, पण आधीच तिकडे लाखो बसलेत ना, सात लाख म्हणतात, त्यांना कोण काढतो? हाही आकडा बघितला. प्यू या संशोधन संस्थेने २०२१ साठी ७,२५,००० विनापरवाना भारतीयांचा अंदाज दिला. अमेरिकेच्या सरकारी खात्याचा जानेवारी २०२२ चा अंदाज २,२०,०००. एका वर्षाच्या आतबाहेर, एकच देश, एकच माणसे, आणि तिपटीहून जास्त फरक! रुळावर गेजमध्ये मर्यादेबाहेर फरक आला तर मला खुलासा द्यावा लागतो. पण इथे कुणीच माणसे मोजलेली नाहीत. परदेशात जन्मलेले एकूण किती, त्यातून कायदेशीर किती, वजा करा, उरले ते विनापरवाना. दोन मोठ्या अंदाजांची वजाबाकी. वरचा अंदाज थोडा हलला की खालची बाकी दुप्पट-तिप्पट हलते. दोन्ही प्रामाणिक असू शकतात. आपण मात्र आपल्या मताला सोयीचा तेवढा उचलतो.

आता सव्वादोन लाखांकडे येतो, कारण ते थेट आपल्या घरात शिरते. २०२२ साली २,२५,६२० भारतीयांनी नागरिकत्व सोडले. हा आकडा परराष्ट्रमंत्र्यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यसभेत दिलेला आहे, खरा आहे. २०११ पासून २०२२ पर्यंत बेरीज १६,६३,४४०. मजकुरात तो झाला "सव्वादोन लाख लोक देश सोडून गेले."

माझा एक मावसभाऊ, भुसावळचा. २००५ साली कंपनीने अमेरिकेला पाठवला. तिथल्या कायम वास्तव्याच्या परवान्यात दर देशाला सात टक्क्यांची मर्यादा, आपले अर्जदार अफाट, म्हणून रांगेत वर्षानुवर्षे उभा. परवाना मिळाल्यावर आणखी पाच वर्षे. नागरिकत्वाची शपथ घेतली २०२२ साली. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, दुसऱ्या देशाचे स्वखुशीने घेतले की आपले संपते. राज्यघटनेच्या नवव्या कलमात आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात तसे आहे. म्हणून त्याने भारतीय पासपोर्ट वकिलातीत परत केला. तो त्या २,२५,६२० मधला एक. देश सोडला २००५ ला, मोजला गेला २०२२ ला. म्हणजे हा आकडा गाडी सुटल्याचा नाही, सतरा वर्षांनी दुसऱ्या टोकाला पोचल्याचा आहे. आणि मजकूर लिहिणारा म्हणतो, बघा, आज किती गाड्या सुटल्या!

२०२० साली हाच आकडा ८५,२५६ वर आला होता. तेव्हा लोकांना अचानक देशप्रेमाचे भरते आले नव्हते, तिकडची शपथेची कार्यालये काही काळ बंद होती. पुढच्या वर्षी १,६३,३७० आणि त्यापुढे सव्वादोन लाख, त्यात तुंबलेलेही आले. २०२३ ला २,१६,२१९ आणि २०२४ ला २,०६,३७८. सरकारच्या बाजूचे लोक याचा एक अर्थ काढतात, विरोधातले दुसरा. मला दोघांनाही सांगावेसे वाटते, बाबांनो, ही माणसे कुणाच्या राज्यात गेली होती ते आधी बघा.

मावशीला हे सगळे गणित सांगून उपयोग नव्हता. पासपोर्टवर रद्दचा शिक्का पडला हे कळल्यावर तिने मला फोन केला, "म्हणजे आता तो आपला राहिला नाही का रे?" मी म्हटले, अगं, त्याला ओसीआय कार्ड मिळते, केव्हाही येता येईल, फक्त मत देता येणार नाही. ती म्हणाली, "मत द्यायला तो असाही कुठे येत होता!"

मग तुम्ही विचाराल, एका वर्षात खरोखर किती माणसे कायमची जातात हे कुठे मोजतात? नेमके असे कुठे मोजत नाहीत. विमानतळावर जाणाऱ्यांची नोंद होते, पण फिरायला, शिकायला की कायमचे, हे माणूस तोंडाने सांगतो त्यावर किंवा व्हिसाच्या प्रकारावर ठरते. २०२२ साली ७,५०,३६५ विद्यार्थी गेले असे संसदेत सांगितले तेव्हा हा खुलासा सोबतच होता. तो खुलासा कुणी पुढे पाठवत नाही. जाताना आपण भरत होतो ते कार्डही १ जुलै २०१७ पासून भारतीयांसाठी बंद झाले.

करोडपती देश सोडून चालले, हा आणखी एक लाडका दावा. २०२३ साठी ६,५०० चा आकडा गाजला होता. तो देणारी हेन्ली कंपनी श्रीमंतांना दुसऱ्या देशाचे नागरिकत्व आणि निवास मिळवून द्यायचा धंदा करते, आणि आकडा जाहीर झाला जूनमध्ये, वर्ष अर्धे शिल्लक असताना. याहून जास्त बोलत नाही.

आता तपासण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल की हा माणूस सगळेच खोटे पाडायला निघाला आहे. या वर्षी ५ फेब्रुवारीला अमेरिकेचे लष्करी विमान १०४ जणांना घेऊन अमृतसरला उतरले. त्या दिवशी हातापायांत बेड्या घातलेल्या माणसांचा एक फोटो फिरला. सरकारच्या माहिती कार्यालयाने सांगितले, हा फोटो आपल्या लोकांचा नाही, ग्वाटेमालाला पाठवलेल्यांचा आहे. बरोबर होते ते. मीही लगेच ग्रुपवर टाकले, फोटो खोटा! पण उतरलेल्या माणसांनी घरी पोचल्यावर सांगितले की बेड्या होत्याच, आणि अमेरिकेच्या सीमादलाच्या प्रमुखानेच आपल्या लोकांचा तसा व्हिडिओ प्रसिद्ध केला. दुसऱ्या दिवशी राज्यसभेत परराष्ट्रमंत्र्यांनी सांगितले की विमानात जखडून ठेवण्याची ही पद्धत २०१२ पासूनची आहे, बायका-मुलांना ती लावत नाहीत. म्हणजे फोटो खोटा, गोष्ट खरी. मी फोटो खोटा पाडला आणि त्याबरोबर गोष्टही खोटी पडल्याच्या समाधानात झोपलो. ही माझी दुसरी चूक. हिची लाज मला पहिलीपेक्षा जास्त वाटते, कारण या वेळी मी तपासले होते.

"इतिहासात पहिल्यांदाच परत पाठवले" हेही खरे नव्हते. त्याच उत्तरात वर्षवार यादी होती, २००९ साली ७३४, २०१९ साली २,०४२, २०२० साली १,८८९. विमान लष्करी होते हे वेगळे.

आणि आपल्या मंडळात त्या संध्याकाळी काय चालले होते आठवते? त्या १०४ मध्ये हरियाणाचे ३३, गुजरातचे ३३, पंजाबचे ३०, महाराष्ट्राचे ३, उत्तर प्रदेशचे ३ आणि चंडीगडचे २. आपल्यापैकी कुणीतरी, नाव घेत नाही, समोरच बसले आहेत, म्हणाले, "आपले तिघेच!" जणू वार्षिक परीक्षेचा निकाल लागला. एका विमानावरून राज्यांचे स्वभाव ठरवायचे नसतात. त्यानंतर आणखी विमाने आली. आणि ते तिघे कुणाच्या तरी घरचेच आहेत.

२०२३ च्या नाताळातले फ्रान्सचे विमान आठवा. फुजैराहून निकाराग्वाला निघालेले, ३०३ प्रवासी, बहुतेक भारतीय, वात्री नावाच्या छोट्या विमानतळावर अडकले. आमच्या चहाच्या टपरीवर दुसऱ्याच दिवशी बातमी होती की तीनशे जणांना फ्रान्सने ठेवून घेतले. प्रत्यक्षात २७६ जण २६ डिसेंबरला मुंबईला परत आले. २५ जणांनी आश्रय मागितला, मागितला म्हणतोय, मिळाला नव्हे. उरलेल्या दोघांची चौकशी झाली. टपरीवर हे मी सांगितले तेव्हा एकजण म्हणाला, "पण पंचवीस तर राहिले ना!" माणूस जिथून आशा मिळेल तिथून घेतो. आकडा त्याच्या मदतीला धावून येतो.

आणि काही माणसे कुठल्याच आकड्यात येत नाहीत. इथून जवळच कलोल तालुक्यात डिंगुचा गाव आहे. १९ जानेवारी २०२२ ला तिथले एक कुटुंब, आई-वडील आणि दोन लहान मुले, कॅनडातून अमेरिकेत चालत जाताना मॅनिटोबातल्या एमर्सनजवळ बर्फात गोठून मेले. सीमा ओलांडण्याआधीच. अमेरिकेच्या अधिकाऱ्यांशी त्यांची गाठच पडली नाही, म्हणून त्या वर्षाच्या तक्त्यात ते चौघे नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये मिनेसोटाच्या न्यायालयात ज्युरीने दोन तस्करांना दोषी ठरवले. हे मी की-मॅनला सांगितले तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. त्याला माहीत होते. त्या गावात त्याची चुलत बहीण दिली आहे.

तर त्या दोन संध्याकाळींनंतर काय झाले, ते सांगून संपवतो. जमीन विकली नाही. पण दहापैकी चार लाख आधीच एजंटच्या हातात गेले होते. माझा मजकूर आल्यानंतरच्या आठवड्यात दिले होते, त्याने मला तारीख सांगितली. ते परत आले नाहीत. मी थोडी मदत करू पाहिली, ती त्याने घेतली नाही. मुलगा सध्या साणंदला एका कारखान्यात कंत्राटावर आहे, रोज जाऊन-येऊन करतो. त्याच्या वर्गातला एक मित्र २०२३ मध्ये गेला तो आजही तिकडेच आहे, पेट्रोल पंपावर काम करतो, पैसे पाठवतो, त्याच्या केसची तारीख अजून आलेली नाही. मुलगा ते बापाला ऐकवतो. बाप मला ऐकवत नाही, पण पूर्वीसारखा क्वार्टरवर चहालाही येत नाही.

फेब्रुवारीत अमृतसरचे विमान उतरले त्या दिवशी मात्र तो ऑफिसात आला. टीव्हीवर आकडा येत होता. थोडा वेळ उभा राहून बघितले आणि मला विचारले, "साहेब, एकसो चार माणस, के एकसो चार एन्ट्री?"

मी म्हटले, या वेळी माणसं.

आरतीची वेळ झाली, सेक्रेटरी मघापासून घड्याळ दाखवत आहेत. गणपती बाप्पा मोरया!